टीव्हीवरच्या रेसलिंगचा रिव्ह्यू: स्टार नंतर मोजा, आधी दुखरा हात बघा

हा रिव्ह्यू एका मॅचचा नाहीये, टीव्हीवर दर आठवड्याला जी प्रो रेसलिंग येते त्या सगळ्याच प्रकाराचा आहे, म्हणजे डब्ल्यूडब्ल्यूईचं रॉ आणि स्मॅकडाऊन, मग एईडब्ल्यू ही दुसरी अमेरिकन कंपनी, आणि वेळ मिळेल तसं न्यू जपान ही जपानची कंपनी. बरीच वर्षं बघतेय, जीव लावून बघतेय, त्यामुळे खाली जिथे बोल लावलाय तो घरच्या माणसाला लावावा तसा लावलाय.

माझा धाकटा भाऊ परवा शेजारी येऊन बसला आणि म्हणाला, ताई, कोण जिंकणार हे आधीच ठरलंय ना, मग तू नखं का खातेयस? हा प्रश्न प्रत्येक रेसलिंग बघणाऱ्याला कधी ना कधी ऐकावा लागतो. ठरलेलं असतं हे गुपित तर राहिलेलंच नाही, १९८९ मध्ये त्यावेळच्या डब्ल्यूडब्ल्यूएफने, म्हणजे आजच्या डब्ल्यूडब्ल्यूईने, न्यू जर्सीच्या सिनेटला स्वतःच सांगून टाकलं होतं की हे मनोरंजन आहे, खेळाची स्पर्धा नाही, कारण खेळ म्हटलं की सरकारी आयोगाचे नियम आणि कर मागे लागत होते. पण मी भावाला जे सांगितलं ते इथेही सांगते. ठरलेलं असतं म्हणूनच मॅच चांगली झाली की वाईट यावर बोलता येतं. खऱ्या कुस्तीत एखादा दहा सेकंदात चीत झाला तर झाला, समोरचा भारी होता, विषय संपला. इथे तसं झालं तर ते कुणीतरी बसून ठरवलेलं असतं आणि त्याला जाब विचारता येतो. रेसलमेनिया म्हणजे डब्ल्यूडब्ल्यूईचा वर्षातला सगळ्यात मोठा शो, २०१२ च्या रेसलमेनिया २८ मध्ये शेमसने डॅनियल ब्रायनला १८ सेकंदात पाडलं, वर्ल्ड टायटलची मॅच होती राव, आणि दुसऱ्या दिवशीच्या रॉमध्ये पब्लिकने ब्रायनची येस येस ही घोषणा ओरडून कंपनीला तो जाबच विचारला. दोन वर्षांनी रेसलमेनिया ३० च्या शेवटी तोच ब्रायन बेल्ट उंचावून उभा होता. पब्लिकचा आवाज एवढा लांब पोचतो, हे मला या प्रकाराबद्दल सगळ्यात जास्त आवडतं.

आता स्टारबद्दल. डेव्ह मेल्टझर हा रेसलिंगचा पत्रकार त्याच्या न्यूजलेटरमध्ये कित्येक वर्षं मॅचना स्टार देतोय, पाचपैकी, आणि मग ४ जानेवारी २०१७ ला टोकियो डोममध्ये न्यू जपानच्या ओकाडा आणि केनी ओमेगाची मॅच झाली तेव्हा त्याने सहा दिले, पुढे २०१८ ला त्याच दोघांना सात. तेव्हापासून सगळीकडे आकड्यांवरून भांडणं, कुणाला किती पावणेपाच आणि कुणाला किती साडेपाच. माणसाने आयुष्य घातलंय यात, त्याच्या मताला मान आहेच, पण मला त्रास याचा होतो की लोक आधी आकडा बघतात आणि मग मॅच बघतात. आणि त्या आकड्याच्या मागे लागून काही पोरं रिंगमध्ये येऊन नुसत्या उड्यांवर उड्या मारतात, वीस मिनिटांत चाळीस मूव्ह, प्रत्येक मूव्ह एकट्याने बघितली तर तोंडात बोट जाईल अशी, आणि मॅच संपल्यावर विचारा काय आठवतंय, तर काहीच नाही.

मी काय बघते सांगू? दोन मूव्हच्या मधला वेळ बघते. पाचव्या मिनिटाला ज्याचा हात पिळला त्याचा हात पंधराव्या मिनिटाला दुखतोय का? बस. हे एवढंच बघा, निम्म्या मॅच इथेच नापास होतात. गुडघ्यावर सात मिनिटं मार खाल्लेला हिरो कमबॅक सुरू झाल्यावर टणाटण पळायला लागतो, रिंगच्या कोपऱ्यातल्या टर्नबकलवर चढून उडी मारतो, आणि पिन करताना, म्हणजे रेफरी तीन मोजेपर्यंत समोरच्याचे खांदे खाली टेकवून धरताना, अचानक आठवल्यासारखा गुडघा धरतो. याला रेसलिंगमध्ये सेलिंग म्हणतात, म्हणजे समोरच्याने मारलेलं लागलं हे अंगातून दाखवणं, आणि माझ्या मते सगळी मॅच यावर उभी असते, कारण त्याला लागलंय असं तोच मानत नसेल तर मी का मानावं.

हाताचंच उदाहरण घ्यायचं तर २२ ऑगस्ट २०१५, ब्रुकलिन, एनएक्सटी (डब्ल्यूडब्ल्यूईचा नव्या पोरापोरींचा ब्रँड) टेकओव्हर शो, साशा बँक्स आणि बेली. बेलीचा हात आधीच दुखावलेला, त्याला आधाराला ब्रेस लावलेला. साशा तो ब्रेस ओढून काढते, आणि मग त्या हातावर पाय देते, आणि असा पाय देते की मी स्वतः सोफ्यावर हात मागे घेतला होता, खरंच. बेली त्यानंतर काहीही करताना तो हात तिच्याबरोबर असतो, ती पकड घेते तर तो हात साथ देत नाही. पब्लिक तिच्यासाठी ओरडतंय ते मूव्हसाठी नाही ओरडत, त्या हातासाठी ओरडतंय. ती जिंकते तेव्हा मग ती त्या हातासकट जिंकते. अंगावर काटा आला होता आणि आजही येतो.

दुसरी गोष्ट फिनिशरची. फिनिशर म्हणजे ज्याचा तो ठेवणीतला डाव, बसला की खेळ खल्लास. आता होतंय काय, दर मोठ्या मॅचमध्ये दोघंही एकमेकांचे फिनिशर तीन तीन वेळा खातात आणि तीन तीन वेळा दोनवर खांदा उचलतात, मग त्या डावाची किंमत काय राहिली? पहिल्यांदा पब्लिक उभं राहतं, तिसऱ्यांदा टाळ्या, पुढच्या महिन्यात कुणी ढुंकून बघत नाही. याच्या उलट ओमेगाचा वन विंग्ड एंजल बघा. टोकियो डोमच्या त्या ४६ मिनिटांच्या मॅचमध्ये ओकाडाला तो एकदाही बसलाच नाही. जून २०१७ च्या दुसऱ्या मॅचमध्ये बसला, पण ओकाडाचा पाय दोरीवर पडला म्हणून पिन तुटली आणि ती मॅच ६० मिनिटांनी बरोबरीत सुटली. मग ऑगस्टमध्ये जी वन स्पर्धेत बसला आणि ओमेगा जिंकला. आणि जून २०१८ ला ओसाकात, ६४ मिनिटं झाल्यावर, दोघांनी एकेक फॉल, म्हणजे एकेक फेरी, जिंकलेली असताना त्याच डावाने टायटल घेतलं. दीड वर्ष एक डाव जपला त्यांनी, म्हणून त्या सात स्टारवर माझं काही म्हणणं नाही, पण लोक सांगताना ६४ मिनिटं सांगतात आणि तो दोरीवरचा पाय सांगत नाहीत.

फिनिशरमधून वाचणं वाईटच असं नाही हां. २००९ च्या रेसलमेनिया २५ मध्ये शॉन मायकल्सने अंडरटेकरच्या टूमस्टोन या फिनिशरवरून खांदा उचलला तेव्हा कॅमेरा अंडरटेकरच्या चेहऱ्यावर होता आणि तो माणूस भूत बघितल्यासारखा डोळे फाडून बघत होता, आणि तो स्वतःच तर भुताचं कॅरेक्टर करायचा! असा एक चेहरा दहा किकआऊटना, म्हणजे खांदा उचलून वाचण्याला, भारी आहे.

माझी सगळ्यात लाडकी अलीकडची मॅच म्हणजे ३ सप्टेंबर २०२२, कार्डिफ, गुंथर आणि शेमस, इंटरकॉन्टिनेंटल टायटल. हो, तोच १८ सेकंदवाला शेमस. दोघांचे साथीदार रिंगबाहेर एकमेकांना तुडवतायत, सगळा गोंधळ चाललाय, आणि हे दोघं रिंगच्या मधोमध नाकाला नाक लावून उभे, पापणी हलत नाही, बाहेर काय चाललंय याच्याकडे लक्षसुद्धा नाही. अजून एक फटका पडलेला नाही आणि माझ्यासाठी मॅच चांगली झालेली होती. मग घंटा झाली आणि चॉप सुरू झाले. चॉप म्हणजे छातीवर उघड्या पंजाने हाणायचं, यात फसवायला जागाच नसते, आवाज येतो तो कातडीचा येतो. शेमस गोरापान माणूस, पाच मिनिटांत छाती लालबुंद, नंतर नंतर जांभळी पडत गेली, आणि कॅमेऱ्याला काही वेगळं करावंच लागलं नाही, त्या छातीवर मॅच किती झाली हे घड्याळासारखं दिसत होतं. शेमसकडे तोवर जवळपास सगळे मोठे बेल्ट येऊन गेले होते, हा एकच राहिला होता, त्यामुळे तो का उठतोय हे कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. हरला शेवटी. आणि पूर्ण स्टेडियम हरलेल्या माणसासाठी उभं राहून टाळ्या वाजवत होतं. सगळ्या मॅचमध्ये उड्या मोजल्या तर हाताच्या बोटांवर मोजाल.

आणि मूव्हच मोजायच्या तर मग २००२ चं रॉक विरुद्ध होगन कुठे बसवणार? टोरंटोला, होगन ४८ वर्षांचा, गुडघे गेलेले, येतात ते चार डाव. आला होता तो व्हिलन म्हणून, पण पब्लिकने ठरवलं की आज हा आमचा हिरो, आणि दोघांनी तिथल्या तिथे वारा ओळखून मॅच फिरवली. रॉक हळूहळू वाकडं वागायला लागला, होगन मार खाऊन उठायला लागला. समोरच्याचं ऐकायचं आणि हजारो लोकांचंही ऐकायचं, एकाच वेळी, हे उड्या मारण्यापेक्षा शंभरपट अवघड आहे असं मला वाटतं. टेक्निकमध्ये कच्ची मॅच आहे, मान्य, पण मी ती कितीही वेळा बघायला तयार आहे.

उलट, १९९८ चं हेल इन अ सेल, म्हणजे पिंजऱ्यातली मॅच, मॅनकाइंड त्या पिंजऱ्याच्या टपावरून १६ फूट खाली कॉमेंटरी टेबलवर पडतो, लोक त्याला सर्वात महान मॅच म्हणतात. मी नाही म्हणत. त्या माणसाच्या हिमतीपुढे हात जोडते, पण माणूस किती उंचावरून पडला यावर मॅच चांगली ठरायला लागली की पुढच्याला अजून उंच चढावं लागतं, आणि मला कुणी मोडलेलं बघायचं नाहीये.

आता टीव्ही म्हणून हा माल कसा आहे त्यावर येते. साप्ताहिक शोमधली मॅच निम्मी ब्रेक खाऊन टाकतो. एक जण दुसऱ्याला रिंगबाहेर फेकतो, ब्रेक, परत येतो तर व्हिलनने हनुवटीखाली हात घालून धरून ठेवलेलं आणि हिरो पाय आपटत उठतोय, प्रत्येक वेळी, अगदी प्रत्येक वेळी. मॅचचं मधलं अंग, जिथे दुखापत तयार होते, तेच आपण बघितलेलं नसतं, मग पुढचं सेलिंग कसं पटणार. दुसरं, मॅच रंगात आली की कुणाचंतरी म्युझिक वाजतं, दुसराच माणूस धावत येतो, मारामारी, डिसक्वालिफिकेशन. बिगबजेट शोला लोक यावेत म्हणून साप्ताहिकात काही संपवायचंच नाही हा हिशोब कळतो मला, पण तीन आठवडे ओळीने असं केलं तर बघणाऱ्याच्या वेळेचं काय?

कॅमेऱ्याबद्दल मात्र चांगलं बोलायचंय. कित्येक वर्षं डब्ल्यूडब्ल्यूईमध्ये फटका बसायच्या क्षणीच अँगल बदलायचा, वर झूम आतबाहेर, डोकं दुखायचं. त्यांचा टीव्ही निर्माता केविन डन २०२३ च्या शेवटी कंपनी सोडून गेला आणि त्यानंतर शॉट लांब झाले, एंट्रीला कॅमेरा माणसाच्या मागे मागे चालतो, दोघं पूर्ण दिसतात, पाय दिसतात. पाय दिसणं किती महत्त्वाचं आहे, लंगडतोय की नाही ते पायातच कळतं ना! कॉमेंटरीचं अजून घोडं अडतं, मॅच चाललीये आणि हे दोघं पुढच्या शनिवारच्या शोची जाहिरात वाचतायत. म्हणून मी एखादी मॅच आवडली की दुसऱ्यांदा आवाज बंद करून बघते. आवाज नसतानाही कोण का चिडलंय, कुणाला कुठे दुखतंय, कोण घाबरलंय हे कळलं तर मॅच पक्की.

मार्कच द्यायचे तर साप्ताहिक टीव्हीला पाचपैकी तीन, मोठ्या शोना चार, आणि तो चौथा मुख्यतः गेल्या काही वर्षांतल्या कॅमेऱ्यामुळे. रोज उठून सगळं बघू नका, मीसुद्धा आता ब्रेकनंतरचं धरून ठेवणं फास्ट फॉरवर्ड करते.

नवीन कुणी बघणार असाल तर पहिली मॅच रेसलमेनिया १३ ची लावा, २३ मार्च १९९७, ब्रेट हार्ट विरुद्ध स्टीव्ह ऑस्टिन, सबमिशन मॅच, म्हणजे समोरच्याला हार मानायला लावायची. ब्रेट हिरो म्हणून येतो, ऑस्टिन व्हिलन. शेवटी ब्रेटने शार्पशूटर ही पाय पिळायची पकड लावलेली असते, ऑस्टिनचा चेहरा रक्ताने भरलेला, दातांच्या फटीतूनसुद्धा रक्त, तो वर ढकलून बघतो, एकदा तर सुटतोय असंच वाटतं, पण हरलो म्हणत नाही, शुद्ध हरपेपर्यंत म्हणत नाही. मग ब्रेट बेशुद्ध माणसाचा पाय परत धरतो, रेफरी असलेल्या शॅमरॉकला त्याला ओढून काढावं लागतं, आणि जे पब्लिक वीस मिनिटांपूर्वी ब्रेटचं होतं ते त्याला शिव्या घालत असतं. ऑस्टिन उठतो, आधार द्यायला आलेल्या रेफरीलाच आडवा करतो आणि एकटा लंगडत परत जातो. भावाला मी हीच लावून दिली. शार्पशूटर लागला तेव्हा त्याचा हात बघितला मी, तोंडाशी होता.