ब्रिटनीतलं कॉटेज गाठायचंय: स्वस्त विमान की रात्रीची बोट?

चौघांचं कुटुंब, आठवड्याचं सामान आणि शनिवारी दुपारी चारनंतर किल्ली मिळणारं कॉटेज असं गणित असेल, तर इंग्लंडहून फ्रान्सच्या वायव्येकडच्या ब्रिटनीला जायला पोर्ट्समथ–सेंट मालो ही रात्रीची बोट सगळ्यात सोयीची. दोघंच असाल, पाठीवरच्या पिशवीत भागत असेल आणि शाळांच्या सुट्ट्या टाळता येत असतील, तर विमान घ्या. उरलेले पर्याय या दोन्हींच्या मधले. त्यातले एक-दोन तिकिटाच्या पानावर जेवढे स्वस्त दिसतात तेवढे प्रत्यक्षात नसतात.

तुलनेसाठी दिनाँजवळच्या खेड्यातलं एक घर धरू. निघायचं लंडन, रेडिंग, स्लाव या पट्ट्यातून, म्हणजे मराठी मंडळी बरीच आहेत त्या भागातून. दिनाँ आणि दिनार ही दोन वेगळी गावं आहेत. विमानतळ दिनारचा, जुनं तटबंदीचं शहर दिनाँ. बुकिंग करताना नाव नीट वाचा.

आधी विमान. स्टॅन्स्टेडहून दिनारला रायनएअर जातं, उड्डाण सव्वा तासाच्या आसपासचं. फुकट मिळते ती फक्त सीटखाली मावणारी ४० × ३० × २० सेंटिमीटरची पिशवी. ईझीजेट गॅटविकहून नाँतला जातं, त्यांची फुकटची पिशवी ४५ × ३६ × २० आणि १५ किलोपर्यंत. चाकं आणि हँडल मापात धरतात, त्यामुळे घरी टेप लावतानाही तेवढं धरूनच मोजा. पहिल्या पानावरचा भाव या पिशवीपुरताच असतो. चौघांसाठी त्यात चेक-इनच्या दोन बॅगा, मुलांशेजारची जागा आणि स्टॅन्स्टेडचं आठवड्याचं पार्किंग मिळवा. त्यानंतर खरा खर्च येतो तो भाड्याच्या गाडीचा. दिनारच्या विमानतळावरून खेड्यातल्या घरापर्यंत बसने जाण्याचा विचार सोडून द्या. गाडी लागणारच, आणि ऑगस्टमध्ये ती अनेकदा चारही तिकिटांच्या बेरजेपेक्षा महाग पडते.

गाडीच्या काउंटरवर तीन गोष्टी नडतात. अनामत रक्कम चालकाच्याच नावच्या क्रेडिट कार्डावर अडवतात. डेबिट कार्ड पुष्कळ ठिकाणी चालत नाही आणि चाललं तर महागडा विमा गळ्यात मारतात. ऑटोमॅटिक गाड्या कमी आणि महाग, म्हणून फक्त ऑटोमॅटिकची सवय असेल तर बुकिंग लवकर करा. आणि छोट्या विमानतळावर काउंटर विमानाच्या वेळेपुरतंच उघडं असतं, त्यामुळे परतीच्या दिवशी चावी कुठे टाकायची हे गाडी घेतानाच विचारून ठेवा. ब्रिटिश लायसन्सचं प्लास्टिक कार्ड फ्रान्समध्ये पुरतं. भारतीय लायसन्स असेल तर सोबत आंतरराष्ट्रीय परवाना ठेवा.

छोट्या विमानतळांवर फार भरवसा ठेवू नका. मार्च २०२५ मध्ये फ्रान्सने जवळच्या उड्डाणांवरचा प्रवासी कर २.६३ युरोवरून ७.४० युरो केला. त्याच वर्षी रायनएअरने या कराकडे बोट दाखवून हिवाळ्यासाठी बेर्जराक, ब्रीव आणि स्ट्रासबुर्ग इथली सेवा काढून घेतली. दोर्दोन्यमधलं, म्हणजे बेर्जराकच्या भागातलं, घर पुढच्या फेब्रुवारीसाठी आत्ता घेणार असाल, तर विमान खरोखर विक्रीला आलंय का ते आधी बघा आणि मगच घराचे पैसे भरा. उलटा क्रम महागात पडतो, कारण घराची आगाऊ रक्कम सहसा परत मिळत नाही.

भारतीय पासपोर्टवाल्यांसाठी विमानात आणखी एक खोच आहे. ऑनलाइन चेक-इन झालं आणि फोनवर बोर्डिंग पास आला म्हणून थेट सिक्युरिटीकडे जायचं नाही. युरोपबाहेरच्या पासपोर्टांना रायनएअरच्या बॅग काउंटरवर व्हिसा तपासून घ्यावा लागतो, बॅग टाकायची नसली तरी. हे राहिलं तर गेटवर अडवतात आणि तिथून मागे जायला वेळ नसतो. नोव्हेंबर २०२५ पासून त्यांचा छापील पासही बंद झालाय, तेव्हा फोन चार्ज ठेवा.

आता बोटी. पोर्ट्समथहून सेंट मालोला ब्रिटनी फेरीज रात्री जाते. संध्याकाळी सुटते, सकाळी आठच्या सुमारास पोहोचते. तिथून दिनाँ ३० किलोमीटर. २०२५ पासून या मार्गावर ‘सेंट मालो’ याच नावाचं नवं जहाज आहे, द्रवरूप नैसर्गिक वायू आणि बॅटरी या दोन्हींवर चालणारं. रात्रीच्या फेरीला केबिन किंवा आरामखुर्ची यांपैकी एक घ्यावीच लागते. खुर्ची स्वस्त, पण लहान मुलं असतील तर त्या पैशांच्या बचतीत झोप जाते आणि सकाळी फ्रान्समध्ये उजव्या बाजूने गाडी चालवायची असते. केबिन घ्या. खिडकी नसलेली आतली केबिन घेतली तरी चालेल, अंधारात समुद्र दिसत नाहीच. परतीची फेरी दिवसा असते, तेव्हा केबिनशिवाय भागतं. तिकिटाची किंमत बघताना एका रात्रीच्या हॉटेलचे पैसे वाचतात हे विसरू नका, कारण कॅलेमार्गे जाणारे बरेच जण वाटेत मुक्काम करतात.

ब्रिटनी फेरीज ही कंपनी मुळात ब्रिटनीतल्या शेतकऱ्यांनी काढली. फुलकोबी आणि आर्टिचोक इंग्लंडच्या बाजारात पोहोचवायला १९७३ च्या सुरुवातीला प्लिमथ–रॉस्कॉफ मार्ग सुरू झाला, प्रवासी नंतर आले. साखर कारखान्यांच्या मुलखातल्या माणसाला ही कथा ओळखीची वाटेल. जेवण मात्र पूर्ण फ्रेंच वळणाचं. शाकाहाऱ्यांना तळलेले बटाटे, सॅलड आणि पाव यांच्या पलीकडे फारसं काही मिळेल अशी आशा ठेवू नका.

सेंट मालोची जागा संपली असेल किंवा भाव चढले असतील, तर पोर्ट्समथ–काँ बघा. दिवसा सहा तास. बंदर प्रत्यक्षात विस्त्राममध्ये, काँ शहराच्या उत्तरेला. तिथून दिनाँ साधारण १८० किलोमीटर, दोन तास. काँहून रेनकडे जाणारा ए-८४ आणि ब्रिटनीतले सगळे द्रुतगती रस्ते टोलमुक्त आहेत, हा या मार्गाचा मोठा फायदा. रात्रीची फेरी इथेही आहे, पण ती पहाटे इतक्या लवकर पोहोचवते की झोप जेमतेम पाच-साडेपाच तासांची होते. शेरबुरला पूलहून साडेचार तासांची बोट आहे. बोर्नमथ-साउथॅम्प्टनकडच्या लोकांना ती सोयीची. न्यूहेवन–दिएप चार तास, तिकीट बहुधा हलकं, पण दिएपहून दिनाँ साडेतीनशे किलोमीटर. नॉर्मंडीत, रुआँच्या आसपास घर असेल तर मात्र दिएपसारखा मार्ग नाही. पायी प्रवाशांना आणि सायकलवाल्यांनाही घेतात.

डोव्हर–कॅले दीड तासाची, बोटींमध्ये सगळ्यात स्वस्त दिसणारी. इथेच हिशोब चुकतो. कॅले ते दिनाँ अंदाजे ४८० किलोमीटर, म्हणजे काँच्या तुलनेत एका बाजूने ३०० जास्त. १०० किलोमीटरला ६ लिटर धरलं तर जाऊन-येऊन ३६ लिटर पेट्रोल जादा, वर टोल, वर पाच तासांचं ड्रायव्हिंग. लंडनहून डोव्हर आणि पोर्ट्समथ जवळजवळ सारख्याच अंतरावर आहेत, त्यामुळे इंग्लंडच्या बाजूलाही काही वाचत नाही. पिकार्डी किंवा शाम्पेनमध्ये घर असेल तर कॅले, नाहीतर नाही. डोव्हर–डंकर्क दोन तास. गर्दी तुलनेने कमी, पण पायी प्रवासी घेत नाहीत. फोकस्टनहून लशटल ही गाड्या वाहून नेणारी रेल्वे समुद्राखालचा बोगदा ३५ मिनिटांत पार करते आणि भाडं गाडीचं, माणसांचं नाही. नऊ जणांपर्यंत तेच. सात सीटच्या गाडीत दोन कुटुंबं मिळून जाणार असतील तर ती खरंच स्वस्त पडते. एलपीजीवरच्या गाडीला मात्र बोगद्यात प्रवेश नाही. आणि पाच दिवसांच्या मुदतीचं सवलतीचं तिकीट काढून दहाव्या दिवशी परत यायची हुशारी करू नका, फरक वसूल होतो.

पासपोर्ट तपासणी कुठे होते हे फार कमी लोक मार्ग ठरवताना बघतात. डोव्हर आणि फोकस्टनला फ्रेंच पोलीस इंग्लंडच्याच जमिनीवर तपासतात. तिथे रांग तुंबली की तुमची बोट तुमच्याशिवाय सुटू शकते. बोट कंपन्या सहसा पुढच्या फेरीत घेतात, पण सुट्टीच्या पहिल्या शनिवारी ‘पुढची’ म्हणजे किती पुढची हे सांगता येत नाही. पोर्ट्समथ, पूल आणि न्यूहेवनला फ्रेंच तपासणी फ्रान्समध्ये उतरल्यावर. तिथे रांग लागली तरी बोट चुकत नाही. ऑक्टोबर २०२५ पासून शेंगेनच्या, म्हणजे सामायिक व्हिसा असलेल्या युरोपीय देशांच्या, सीमेवर बाहेरच्या प्रवाशांची नवी नोंदणी टप्प्याटप्प्याने सुरू झाली. त्यात फोटो आणि बोटांचे ठसे घेतात. व्हिसा असलेल्यांचे ठसे आधीच घेतलेले असतात आणि १२ वर्षांखालच्या मुलांचे घेत नाहीत. तरी वेळ धरून निघा.

व्हिसाचा खर्च तिकिटाच्या हिशोबात धरा. शेंगेन व्हिसा प्रौढांना ९० युरो, ६ ते ११ वर्षांच्या मुलांना ४५, त्याखाली फुकट. दोघं मोठी आणि ८ व १० वर्षांची दोन मुलं म्हणजे २७० युरो, वर केंद्राचं सेवाशुल्क. इंग्लंडमध्ये राहणाऱ्यांचे अर्ज टीएलएसकॉन्टॅक्ट या व्हिसा-केंद्र चालवणाऱ्या कंपनीमार्फत लंडन, मँचेस्टर किंवा एडिनबराला जातात. प्रवासाच्या सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो. मे-जूनमध्ये भेटीच्या वेळा मिळत नाहीत, म्हणून जुलैच्या प्रवासाचा अर्ज मार्चमध्येच करा. सगळ्यांची नावं आणि तारखा असलेलं घराच्या कराराचं पत्र मालकाकडून मागून घ्या; नुसत्या पैसे भरल्याच्या पावतीवर अर्ज अडकतो. विमा किमान ३०,००० युरोचा. भारतातून महिन्याभरासाठी आलेल्या आई-बाबांना सोबत न्यायचं असेल तर त्यांचा व्हिसा भारतातूनच, व्हीएफएसमार्फत काढून आणायला सांगा. इंग्लंडला पर्यटक म्हणून आलेल्यांचा अर्ज इथे सहसा घेत नाहीत. पासपोर्ट नवा झाला असेल तर तो नंबर तुमच्या ब्रिटिश ई-व्हिसाच्या खात्यात जोडा, नाहीतर परतीच्या चेक-इनला अडचण येते. ब्रिटिश पासपोर्टवाल्यांनी फक्त एवढं बघावं: फ्रान्समध्ये शिरताना पासपोर्ट निघून दहा वर्षं झालेली नसावीत आणि परतीनंतर तीन महिने तरी मुदत असावी.

गाडीची तयारी: छतावर पेटी असेल तर जमिनीपासून एकूण उंची मोजून तिकिटात तीच लिहा. कमी लिहिली तर बंदरावर फरक भरावा लागतो किंवा उंच गाड्यांच्या मजल्यावर जागा नसते. मागे ‘यूके’चं स्टिकर, ‘जीबी’चं चालत नाही. हेडलाइटवर प्रकाश वळवणाऱ्या पट्ट्या, लाल त्रिकोण आणि चमकणारं जाकीट, आणि जाकीट डिकीत नको, हाताशी हवं. गाडी लीजवर असेल तर कंपनीकडून व्हीई-१०३ हा कागद मागवा, मूळ नोंदणीपत्र त्यांच्याकडे असतं. फ्रेंच द्रुतगती मार्गावर गाडी बंद पडली तर तुमची खासगी मदतसेवा तिथे येऊ शकत नाही. नारिंगी खांबावरच्या फोनवरून अधिकृत गाडी बोलवायची, पावती ठेवायची आणि पैसे नंतर विम्याकडून मागायचे. नॉर्मंडीहून पॅरिसकडे ए-१३ ने जाणार असाल तर तिथे टोलनाकेच राहिलेले नाहीत. कॅमेरा नंबर टिपतो आणि ७२ तासांत ऑनलाइन पैसे भरायचे असतात, नाहीतर दंडाची नोटीस येते.

बोट सुटल्यावर गाड्यांच्या मजल्यावर जाता येत नाही. औषधं, दात घासायचं सामान, मुलांचे कपडे आणि डबा वेगळ्या पिशवीत वर न्या. गाडीचा अलार्म बंद करा, लाटांच्या हेलकाव्याने तो वाजत राहतो. मळमळणाऱ्यांनी जहाजाच्या मध्यभागी, खालच्या मजल्यावर बसावं आणि गोळी सुटायच्या आधी घ्यावी, सुरू झाल्यावर घेऊन उपयोग नाही.

डब्यात काय न्यायचं यालाही नियम आहे. इंग्लंडहून युरोपात मांस आणि दुधाचे पदार्थ नेता येत नाहीत, म्हणजे तूप, पनीर, श्रीखंड, दही सगळं घरी. ताज्या भाज्या आणि फळांना प्रमाणपत्र लागतं, त्यामुळे हापूसही नाही आणि ताजा कढीपत्ताही नाही. केळी आणि नारळ मात्र चालतात. भाजणी, गोडा मसाला, लसणाची चटणी खुशाल न्या. रविवारी दुपारनंतर खेड्याजवळचे सुपरमार्केट बंद असतात, म्हणून शनिवारी किल्ली घ्यायच्या आधीच दूध, भाज्या, पाव भरून घ्या. सकाळी आठला सेंट मालोत उतरणाऱ्यांना तसाही चार वाजेपर्यंत वेळ काढायचाच असतो. परतीलाही कात्री आहेच: १२ एप्रिल २०२५ पासून युरोपातून ब्रिटनमध्ये वैयक्तिक वापरासाठीही चीज, लोणी आणि गाय, डुक्कर, बकरी, मेंढीचं मांस आणायला बंदी आहे. कामेम्बेर चीज तिथेच संपवा.

शेवटी, तिकिटावरच्या वेळा त्या-त्या देशाच्या असतात आणि फ्रान्स एक तास पुढे आहे. परतीच्या दिवशी घर दहाला सोडायचं आणि सेंट मालोची दिवसाची बोट साधारण साडेदहाला असते, म्हणजे मालकाला आदल्या संध्याकाळीच सांगून पहाटे किल्ली ठेवायची सोय करून घ्या. साफसफाईचे पैसे करारात धरलेले नसतील तर झाडू-पोछाही आदल्या रात्रीच.