भांडी बाजाराजवळचं जुन्या वस्तूंचं दुकान
तंबाखूचा जुना पाईप घ्यायला इथे जाणार असाल तर खिशात भिंग ठेवाच. मला पीटरसन या आयरिश कंपनीचा काळवंडलेला पाईप मिळाला. दुकानदार काका म्हणाले, ‘देवळाली कॅम्पातल्या गोऱ्या साहेबाचा, इंग्रजांच्या वेळचा.’ दांडीवर मात्र छाप ‘मेड इन द रिपब्लिक ऑफ आयर्लंड’! ते प्रजासत्ताक झालं १९४९ मध्ये, मग पाईप त्याआधीचा कसा असेल? छाप दाखवल्यावर काकांनी लगेच दोनशे रुपये कमी केले. माणूस सरळ आहे. शेजारच्या पाईपच्या कड्यावर जहाजाचा नांगर आणि चालता सिंह होता, म्हणजे इंग्लंडात बर्मिंगहॅमला तपासलेली ९२५ (साडेब्याण्णव टक्के शुद्ध) चांदी. तो परवडला नाही, अजून डोळ्यांसमोर आहे. काका, एकच विनंती: लाकडाला पॉलिशचं मशीन लावू नका. दोन पाईपांचे छाप त्यात पार पुसले गेलेत.