पणजोबांचं मस्टर आणि अठरा हजार रुपये

आमचे पणजोबा नागपूरच्या एम्प्रेस मिलमध्ये, म्हणजे कापड गिरणीत होते, एवढंच घरात सगळ्यांना ठाऊक. कोणत्या खात्यात, किती वर्षं, कोणत्या गावाहून आले, काही नाही. बाबा रिटायर झाल्यावर त्यांना हा शोध लागायलाच हवा होता. त्यात पुतण्याची कास्ट व्हॅलिडिटी, म्हणजे जातीच्या दाखल्याची पडताळणी निघाली आणि जातीचा 1967 च्या आधीचा कागद हवा झाला. गरज आणि हौस एकदम आली की माणूस आंधळा होतो, ते आमचं झालं.

तहसीलसमोरच्या चहाच्या टपरीवर एक गृहस्थ भेटले. पन्नाशीचे, हातात जाड फाईल, बोलणं गोड. "काकाजी, मिलचं जुनं मस्टर माझ्या ओळखीत आहे. मिल 2002 साली बंद झाली, तवा रद्दीत जाणारं रेकॉर्ड आमच्या माणसानं वाचवलं. करून देतो तुमचं काम." आधी तीन हजार शोधाचे. मग पाच हजार 'मोडी वाचणाऱ्याचे'. मग दहा 'वरच्या माणसाचे'. सगळे यूपीआयवर, पावती कशाचीच नाही. मी विचारलं तर म्हणाले, "पावती घेतली तर रेकॉर्ड बाहेर येत नाही, साहेब." हे मला तेव्हा पटलं. आज लिहिताना लाज वाटते.

दोन महिन्यांनी लॅमिनेशन केलेला पिवळट कागद आला आणि सोबत वंशावळ. वंशावळीत आम्ही भोसल्यांच्या फौजेतल्या शिलेदाराचे वंशज निघालो! बाबांनी ती फ्रेम करून बैठकीत लावली. शेजाऱ्यांना चहा झाला. आमच्या घरी पिढ्यान्‌पिढ्या हातमाग चालत आला, ही गोष्ट त्या दिवशी कोणी काढली नाही. मीही नाही.

काढली ती आत्यानं. चौऱ्याऐंशी वर्षांची, चष्मा लावून तिनं मस्टरचा उतारा वाचला. 'सन 1923, पगार रु. 14.75.' ती म्हणाली, "आणे कुठं गेले बा याच्यातले? आमच्या बाबाचा पगार रुपये-आणे-पैत यायचा. हे पॉइंट काऊन लिहून राहिले?" बरोबर. दशमान पैसे आले 1957 च्या एप्रिलपासून. मग मी शिक्का भिंगाखाली धरला: नागपूर 440018. पिनकोड आपल्याकडे सुरू झाला 1972 साली. मिलचं उद्घाटन 1 जानेवारी 1877 चं, व्हिक्टोरिया राणीला सम्राज्ञी जाहीर केलं त्याच दिवसाचं, हे त्या माणसानं टपरीवर अगदी झोकात सांगितलं होतं. आण्याचा हिशेब मात्र त्याला माहीत नव्हता.

पुतण्यानं तो कागद व्हॅलिडिटीच्या फाईलला लावायला घेतलाच होता. खोटा पुरावा जोडला तर दाखला तर जातोच, वर गुन्हाही दाखल होतो. आत्या नसती तर पोरगं गोत्यात आलं असतं.

त्या माणसाचा फोन बंद. पोलिसांत तक्रार दिली. सायबर फसवणुकीच्या 1930 या हेल्पलाईनवरही फोन केला, पण ते पैसे गेल्यागेल्या करायचं काम. दोन महिन्यांनी खात्यात काय उरणार?

मग जे आधी करायला हवं होतं ते केलं. आत्यानं उमरेडकडच्या एका गावाचं नाव घेतलं, तिच्या आजीच्या तोंडून ऐकलेलं. साधा अर्ज, कोर्ट फी स्टॅम्प, तहसीलच्या रेकॉर्ड रूममध्ये कोतवाल बुकाची, म्हणजे गावातल्या जन्म-मृत्यूच्या जुन्या नोंदवहीची नक्कल. सोबत आजोबांच्या शाळेचं दाखल-खारीज रजिस्टर पाहिलं, जन्मगाव तिथून पक्कं झालं. कामगाराचा माग मिलच्या कागदात फारसा सापडत नाही हो, बदलीवर, म्हणजे गैरहजर माणसाच्या जागी लागणारा असला तर नाहीच. तो सापडतो पोराच्या जन्मात, शाळेत, मरणात. त्यामुळे कोणी 'मस्टर काढून देतो' म्हणालं तर आधी मूळ वही कोणत्या कार्यालयात आहे, ते विचारा आणि नक्कल स्वतः काढा. सही-शिक्क्याची नक्कल तिथल्या खिडकीवरच मिळते, तीही किरकोळ फीमध्ये.

तीन खेपा झाल्या. चौथ्या खेपेला 1921 ची ओळ मिळाली: बापाचं नाव, जात, गाव, आणि 'मुलगा झाला'. मुलाचं नाव लिहिलेलंच नाही. ते आमचे आजोबा. वंशावळीतलं शिलेदाराचं नाव कुठंच नाही.

फ्रेम आत्यानं उतरवायला लावली. काच चांगली होती म्हणून त्यात आता ती नक्कल घातली आहे.