गोळी, स्पॉट-ऑन, पट्टा की पावडर? गोचीड-पिसवांवर पैसे घालवायचेच तर कुठे घालवायचे

पाऊस तोंडावर आला की आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर हा प्रश्न येतोच, कुत्र्याला गोचिडी झाल्यात, डॉक्टरांनी लिहून दिलेली एक गोळी आठ-नऊशेची आहे आणि कोपऱ्यावरच्या पेट शॉपमधली पावडर दीडशेची, मग काय घेऊ? मी दरवेळी मोबाइलवर तेच तेच टाईप करते, म्हणून आता एकदाच सगळं लिहून ठेवतेय. आमचा बंड्या देशी आहे, 22 किलोचा, आणि गेल्या चार वर्षांत बाजारात मिळणारं जवळजवळ सगळं त्याच्यावर वापरून झालंय. खालचे रुपयांचे आकडे आमच्या पुण्यातल्या बिलांवरून आहेत, तुमच्याकडे थोडे इकडेतिकडे होतील, पण हिशोबाची पद्धत तीच राहील.

पाकिटावरची किंमत बघू नका, दिवसाला किती पडतं ते बघा. आमच्याकडे ब्रॅव्हेक्टोची गोळी साधारण 2400 ला पडली, ऐकून घरच्यांचे डोळे पांढरे झाले होते, पण ती 12 आठवडे चालते, म्हणजे 84 दिवस, म्हणजे दिवसाला साडे-अठ्ठावीस रुपये. नेक्सगार्ड 850 ची, महिनाभर चालते, म्हणजे दिवसाला अठ्ठावीस. झाली की बरोबरी! सिम्पॅरिका 35 दिवस चालते, तिचा भागाकार करताना 30 ने करू नका, 35 नेच करा. आणि फिप्रोनिलचं स्पॉट-ऑन, म्हणजे मानेवर ओतायची ती छोटी पिपेट, आपल्याकडच्या कंपन्यांची 400 च्या आसपास, महिन्याला एक, दिवसाला तेरा-चौदा रुपये. फ्रंटलाइन प्लस त्याहून महाग पडतं, त्यात फिप्रोनिलसोबत पिसवांची अंडी-अळ्या वाढू न देणारं मेथोप्रीनही असतं. आता कितीतरी देशी स्पॉट-ऑनमध्येही ही जोडी असते, मागे बारीक अक्षरात लिहिलेलं वाचून घ्या.

आता जी गोष्ट मला कुणी सांगितली नव्हती ती सांगते, वजनाचे गट. प्रत्येक कंपनीचे गट वेगळे आहेत आणि तुमचा कुत्रा नेमका कुठल्या रेघेवर बसतो त्यावर सगळा खर्च ठरतो. नेक्सगार्डचा एक गट 10 ते 25 किलो आहे आणि पुढचा 25 ते 50. ब्रॅव्हेक्टोचा 10 ते 20 आणि मग 20 ते 40, सिम्पॅरिकाचं आणि फिप्रोनिलच्या पिपेटचंही तसंच, 10 ते 20 आणि 20 ते 40. म्हणजे बंड्यासारखा 22 किलोचा कुत्रा नेक्सगार्डमध्ये मधल्या गोळीत बसतो आणि बाकी सगळ्यांत थेट मोठ्या गोळीत जातो. याउलट तुमचा लॅब 32 किलोचा असेल तर तो कुठेही गेला तरी मोठ्याच गटात, मग नेक्सगार्डचा तो फायदा उरत नाही आणि तीन महिन्यांची गोळी सोयीची पडते. म्हणून आधी वजन करा, अंदाजे नाही, खरंखुरं, कुत्र्याला उचलून घरच्या काट्यावर उभं राहायचं आणि मग आपलं वजन वजा करायचं.

पैसे वाचवायला मोठी गोळी आणून दोन छोट्या कुत्र्यांना अर्धी अर्धी देणारे लोक मला माहितीयेत. कृपा करून करू नका. ब्रॅव्हेक्टोच्या माहितीपत्रकातच लिहिलेलं आहे की गोळी तोडू नये, दोन्ही अर्ध्यांत औषध सारखं आलंय हे घरी कसं कळणार? एकाला कमी आणि दुसऱ्याला जास्त, म्हणजे दोघांचंही नुकसान.

मग गोळी की स्पॉट-ऑन? नुसते पैसे बघितले तर स्पॉट-ऑन निम्म्यात पडतं. पण ते त्वचेवरच्या तेलातून अंगभर पसरतं, त्यामुळे लावायच्या आधी दोन दिवस आणि नंतर दोन दिवस आंघोळ नाही, आणि केस बाजूला करून ते कातडीवर पडलं पाहिजे, केसांवर ओतलं तर पैसे पाण्यात. आता पुण्यामुंबईच्या जुलैमध्ये कुत्रा रोज दोनदा भिजून येतो, दर रविवारी शॅम्पू, अशात ते महिनाभर टिकेल ही अपेक्षा धरू नका. ज्यांचा कुत्रा बराचसा घरातच असतो, आंघोळ महिन्यातून एकदा, आणि त्रास मुख्यतः पिसवांचा, त्यांना स्पॉट-ऑन पुरतं असं माझं प्रामाणिक मत आहे. गोळीला पाण्याशी घेणंदेणं नाही, औषध रक्तात असतं, आंघोळ घाला नाहीतर नदीत सोडा. फक्त ती रक्तातून काम करते, म्हणजे गोचिडीनं चावल्याशिवाय गोचीड मरत नाही, त्यामुळे गोळी दिल्यावरही अंगावर एखादी दिसली तर गोळी खोटी निघाली असं समजू नका, मरायला एक-दोन दिवस लागतात. ब्रॅव्हेक्टो मात्र जेवणासोबतच द्या, रिकाम्या पोटी ती नीट शोषली जात नाही.

गोळ्यांची दुसरी बाजूही तितक्याच स्पष्टपणे सांगायला हवी. या तिन्ही गोळ्या आयसोक्साझोलिन नावाच्या एकाच गटातल्या आहेत, आणि सप्टेंबर 2018 मध्ये अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या औषधांवर देखरेख करणाऱ्या सरकारी संस्थेने, या गटाबद्दल सूचना काढली होती की काही जनावरांत थरथर, तोल जाणं, फिट येणं असे प्रकार दिसू शकतात. बहुतेक कुत्र्यांना काहीच होत नाही, बंड्याला कधी झालं नाही. पण तुमच्या कुत्र्याला आधी कधी फिट आली असेल तर हे डॉक्टरांना सांगितल्याशिवाय गोळी देऊच नका, अशा कुत्र्याला मी तरी स्पॉट-ऑनच लावीन. आणि पहिल्यांदाच गोळी देणार असाल तर महिन्याची घ्या, तीन महिन्यांची नको, काही बिघडलंच तर औषध अंगातून लवकर जाईल तेवढं बरं. सोसली की मग हवं तर तीन महिन्यांवर जा.

पावडर आणि शॅम्पू यांच्यावर फार शब्द घालवत नाही. शॅम्पू धुवून टाकेपर्यंत काम करतो, उद्या खाली फिरायला गेलं की नव्या गोचिडी हजर. पावडर कुत्रा चाटतो. अमिट्राझचं पाण्यात मिसळून लावायचं औषध स्वस्त आहे आणि खरंच काम करतं, पण ते विषारी आहे, प्रमाण डॉक्टरांनी सांगितलं तेवढंच, हातमोजे घालून, आणि वाळेपर्यंत कुत्रा चाटणार नाही असं बघायचं. पट्ट्यांत सेरेस्टोसारखा पट्टा सात-आठ महिने चालतो, दिवसाचा हिशोब केला तर तो चांगलाच स्वस्त पडतो, पण घरात रांगतं मूल असेल आणि ते कुत्र्याच्या गळ्यात हात घालून झोपत असेल तर मी घेणार नाही. नुसता वासाचा दोन-तीनशेचा पट्टा म्हणजे तो पट्टा नव्हे, एवढं लक्षात ठेवा.

आता डॉक्टरांची फी. ग्रुपवर सगळ्यात जास्त कुरकुर याचीच असते, नुसती गोळी लिहून द्यायला पाचशे कशाला, मी ऑनलाइन मागवते. माझं म्हणणं असं आहे की दर महिन्याला जायची गरज नाहीच, वर्षातून एकदा लसीकरणाला जातोच ना, तेव्हाच वजन करून घ्या आणि वर्षभराच्या गोळ्यांचं नाव, ताकद, किती दिवसांनी द्यायची हे सगळं चिठ्ठीवर लिहून मागा. मग क्लिनिकमध्ये किती, मेडिकलमध्ये किती, ऑनलाइन किती, तिन्हीकडे विचारा. आमच्याकडे एकाच गोळीत दीड-दोनशेचा फरक निघाला होता. एका क्लिनिकने तर बिलात गोळी, फी, नखं कापणं सगळं एकाच आकड्यात लिहून दिलं होतं, सुटं मागितल्यावर नाराजी दाखवली, पण सुटं बिल मागणं हा आपला हक्क आहे, संकोच करू नका. ऑनलाइन घेतलं तर सीलबंद खोकं, बॅच नंबर, एक्सपायरी आणि पक्कं बिल या चार गोष्टी बघा, सुटी गोळी कुणी कितीही स्वस्तात दिली तरी घेऊ नका. आणि फी खरंच झेपत नसेल तर सरकारी पशुवैद्यकीय दवाखाने आहेत, मुंबईत परळचं बैलघोडा हॉस्पिटल आहे, तिथे रांग लागते पण तपासणी होते.

फी वाचवू नका असं मी का म्हणते तेही सांगते. दोन वर्षांपूर्वी पावसाळ्यात आम्ही दोन महिने गोळी दिली नाही, घरात आजारपण चालू होतं, राहून गेली. सप्टेंबरमध्ये बंड्यानं पोळी खायची सोडली, जो पोळीचा आवाज ऐकून धावत यायचा तो उठेना, हिरड्या पांढऱ्या पडल्या. टिक फिव्हर, म्हणजे गोचिडीच्या चाव्यातून होणारं दुखणं. रक्त तपासणी, सलाईन, पुन्हा तपासणी, डॉक्सीसायक्लिन 28 दिवस, सगळं मिळून जवळपास नऊ हजार गेले, आणि त्या दोन गोळ्या होत्या सतराशेच्या. पैसे तर गेलेच, पण त्या चार रात्री आम्ही त्याच्या शेजारी जमिनीवर झोपून श्वास मोजत काढल्या, ते मी विसरणार नाही.

त्यातली एक गोष्ट खर्चाच्या दृष्टीने उपयोगाची आहे. डॉक्सीसायक्लिन माणसांचंच औषध आहे, आमच्या व्हेट मॅडमनी चिठ्ठीवर ब्रँड न लिहिता औषधाचं मूळ नाव लिहिलं आणि जनऔषधी केंद्रात बघा म्हणाल्या, तिथे ते फारच स्वस्तात मिळालं. पण म्हणून ताप आला की स्वतःच डॉक्सी चालू करू नका. टिक फिव्हर म्हणजे एकच दुखणं नव्हे, ते वेगवेगळ्या जंतूंमुळे होतं, एर्लिकिया असेल तर डॉक्सी, बबेसिया असेल तर औषधच वेगळं, आणि कधीकधी दोन्ही एकदम असतात. ते रक्त तपासल्याशिवाय कळत नाही.

घरात मांजर असेल तर हे मात्र पाठ करून ठेवा. कुत्र्याचं स्पॉट-ऑन मांजराला लावायचं नाही, थोडंसं सुद्धा नाही. काही कुत्र्यांच्या स्पॉट-ऑनमध्ये पर्मेथ्रिन असतं आणि ते मांजराला जिवावर बेततं. अमिट्राझही नको. मांजराची फिप्रोनिलची पिपेट वेगळी मिळते, अर्ध्या मिलीची, तीच घ्या. आणि ससा पाळला असेल तर त्याला फिप्रोनिल अजिबात नाही.

पिसवांच्या बाबतीत अजून एक खर्च लोक धरत नाहीत, तो घराचा. अंगावर दिसतात त्या पिसवा म्हणजे फार थोड्या, बाकी अंडी, अळ्या, कोश सगळे सोफ्यात, गादीत, फरशीच्या फटीत, आणि कोशातली पिसू महिनोन्महिने तशीच पडून राहू शकते. म्हणून एक गोळी देऊन आठ दिवसांत पुन्हा पिसवा दिसल्या की लोक औषध बदलतात, मग पुन्हा बदलतात, आणि तीन औषधांचे पैसे जातात. बदलू नका. एकच औषध सलग तीन महिने तरी द्या, घरातल्या सगळ्या प्राण्यांना एकाच दिवशी, अंथरूण दर आठवड्याला गरम पाण्यात धुवा आणि व्हॅक्यूम मारा, याला पैसे लागत नाहीत. पिसवाच आहेत की नुसती घाण हे कळत नसेल तर बारीक कंगव्यात आलेली काळी पूड ओल्या पांढऱ्या टिश्यूवर टाका, तांबडी झाली तर पिसवाच. गोचिडींचंही तसंच, मादी अंगावरून उतरून भिंतीच्या फटीत हजारो अंडी घालते, त्यामुळे बाल्कनीचे कोपरे आणि दाराच्या चौकटी बघत चला.

आम्ही या वर्षी काय करतोय तर मे ते ऑक्टोबर महिन्याची गोळी, दर महिन्याच्या पाच तारखेला, कारण पाचला दूधवाल्याचं बिल द्यायचं असतं आणि ते कधी चुकत नाही, आणि नोव्हेंबरपासून फिप्रोनिलची पिपेट, कारण थंडीत आंघोळी कमी होतात. बंद मात्र करत नाही, आपल्याकडे गोचिडी हिवाळ्यातही असतात. वर्षाचा खर्च साधारण साडेसात हजार, बाराही महिने गोळी दिली तर दहाच्या वर जातो. फिरून आलं की कानाच्या आत, बोटांच्या बेचक्यात आणि गळपट्ट्याखाली हात फिरवायचा, ते काम आमच्या आजींनी घेतलंय.