सबमिशन शिकायला पुस्तक घेऊ की व्हिडिओ, आणि पुस्तकच घ्यायचं तर कुठलं?

ग्रॅपलिंगच्या, म्हणजे जिउ-जित्सूसारख्या पकडीच्या खेळाच्या, क्लासला दोन-तीन महिने झाले की नवीन मुलं हमखास विचारतात, दादा आर्मबार (हाताचा लॉक) आणि चोक (गळा आवळणं) ही सबमिशन, म्हणजे समोरच्याला हार मानायला लावणारे डाव, घरी अभ्यास करून पक्के करायचेत, तर पुस्तक घेऊ का ऑनलाइन व्हिडिओचा कोर्स घेऊ. माझं मत आधीच सांगून टाकतो. ज्याला मॅट मिळतेय आणि सरावाला जोड मिळतेय त्याने पहिले पैसे पुस्तकावर घालावेत, आणि ज्याच्याकडे या दोन्ही गोष्टी नाहीत त्याने पुस्तकही नको आणि व्हिडिओही नको, आधी क्लास शोधावा. लॉक (सांध्यावरची पकड) कुठे लागतो आणि किती लागल्यावर थांबायचं हे समोरच्याचं अंग हातात आल्याशिवाय कळत नाही, आणि तो टॅप करतो, म्हणजे थोपटून हार मानतो, तेव्हा सोडायची सवयही तिथेच लागते.

आता पुस्तक का ते सांगतो, कारण आज सगळे म्हणतात की व्हिडिओ असताना फोटो कोण बघतं. व्हिडिओत हालचाल दिसते, वेग दिसतो, वजन एका बाजूवरून दुसरीकडे कसं जातं ते दिसतं, हे खरंच आहे आणि या बाबतीत पुस्तक कधीच बरोबरी करू शकणार नाही. पण जॉन डॅनहरसारख्या कोचचे कोर्स बघितलेत तर ते कित्येक तासांचे असतात, त्यातलं तुम्हाला हवं ते एक डिटेल कुठल्या भागात कितव्या मिनिटाला होतं हे शोधण्यातच सरावाची वेळ निघून जाते, शिवाय घामेजल्या हाताने फोन पुसत पॉज-रिवाइंड करायचं. पुस्तक मॅटच्या कडेला उघडं ठेवता येतं. फोटो क्रमांक तीन बघा, तसेच बसा, जोडीदाराला सांगा की माझ्याकडे आणि फोटोकडे बघ आणि फरक सांग. हे जे तपासणं आहे ना, ते पुस्तकाने फार छान होतं.

जुजी गातामेचंच घ्या, म्हणजे आपण ज्याला आर्मबार म्हणतो तो. नीट काढलेल्या एका फोटोत चार गोष्टी एकदम दिसतात: बूड समोरच्याच्या खांद्याला चिकटलेलं आहे, दोन्ही गुडघे एकमेकांकडे दाबलेले आहेत, त्याचा कोपर आपल्या जांघेच्या रेषेच्या अलीकडे म्हणजे आपल्या पोटाच्या बाजूला आलाय आणि त्याचा अंगठा छताकडे आहे. आता नवीन पोरगं काय करतं तर मागे पडायच्या घाईत खांद्यापासून वीतभर लांब बसतं, मधे जागा राहते, आणि समोरचा कोपर त्या जागेतून ओढून उठून बसतो. व्हिडिओत हे एका सेकंदात घडून जातं म्हणून लक्षातच येत नाही, फोटोत मात्र ते अंतर डोळ्यांसमोर राहतं. ट्रँगलचंही, म्हणजे पायांच्या त्रिकोणात मान आवळायच्या चोकचंही, तसंच, वरून काढलेल्या फोटोत स्वच्छ कळतं की चोक देणारा समोरच्याच्या सरळ रेषेत नाहीये, वळून जवळजवळ त्याच्या कानात बघतोय, आणि हा कोन नसला की पाय कितीही आवळा, चोक लागत नाही.

फोटोतून जे कळत नाही तेही ऐका. माउंटवरून (समोरच्याच्या छातीवर बसून) आर्मबारला जाताना फोटो तीन आणि फोटो चारच्या मधे जे होतं, समोरचा दोन्ही हात एकमेकांत अडकवतो, तुम्ही ती पकड सोडवायला जाता आणि तो त्याच क्षणी ब्रिज मारतो (कंबर उसळवतो), तो सगळा झगडा दोन फोटोंच्या मधल्या पांढऱ्या जागेत राहून जातो. त्यासाठी व्हिडिओ हवा आणि त्याहून जास्त कोच हवा.

आता कुठलं पुस्तक. सगळी इंग्रजीत आहेत, पण फोटो भरपूर असल्याने साधं इंग्रजी येणाऱ्यालाही अडत नाही.

पहिलं नाव साउलो रिबेरोचं जिउ-जित्सू युनिव्हर्सिटी, २००८ चं. एकच पुस्तक घ्यायचं असेल तर डोळे मिटून हे घ्या. साडेतीनशेच्या वर पानं आहेत, पण त्याची खरी ताकद त्याच्या क्रमात आहे: व्हाइट बेल्टला (सुरुवातीच्या पट्ट्याला) तग धरणं, ब्लूला सुटका, पर्पलला गार्ड (खालून पायांनी समोरच्याला रोखणं), ब्राउनला गार्ड पास (ते पाय ओलांडून जाणं) आणि सबमिशन थेट शेवटी ब्लॅक बेल्टच्या भागात. सबमिशन शिकायला पुस्तक घेतलं आणि सबमिशन शेवटी, म्हणून काही जण नाराज होतात. मला मात्र हाच क्रम पटतो, कारण खाली अडकल्यावर ज्याला शांत राहता येत नाही तो वर आल्यावर आर्मबार लावायलाही घाबरतो, लॉक फसला तर परत खाली जाऊ ही धाकधूक असते. त्यातला तग धरण्याचा भाग मी आजही उघडून बघतो, हात कुठे ठेवायचे, कोपर किती आत, मान कशी वाचवायची, इतकं बारीक दुसरीकडे मला मिळालेलं नाही.

दुसरा प्रकार जुदोच्या जुन्या पुस्तकांचा. नील अ‍ॅडम्सचं आर्मलॉक्स आणि कात्सुहिको काशिवाझाकीचं शिमेवाझा, दोन्ही जुदो मास्टरक्लास मालिकेतली. हे दोघं १९८१ साली मास्त्रिख्टच्या जागतिक स्पर्धेत आपापल्या वजन गटात विजेते होते, आणि अ‍ॅडम्सने तर फायनलमध्ये जपानच्या जिरो कासेला जुजी गातामेनेच टॅप करायला लावलं होतं, म्हणजे ज्या डावावर जग जिंकलं तोच माणूस तो डाव शिकवतोय. एकाच विषयावर पूर्ण पुस्तक असल्याने खोली भरपूर आहे. आणि एक फायदा सहसा कोणी सांगत नाही: जुदोत जमिनीवर फार वेळ मिळत नाही, रेफरी थांबवतो, त्यामुळे तिथला खेळाडू पोटावर किंवा कासवासारखा गोळा होऊन वेळ काढतो, आणि त्याला तसाच उलथवून हात काढायचा हे जुदोवाल्यांनी फार घोटलंय. अडचण अशी की जुदोत लॉक फक्त कोपरालाच चालतो आणि चोक बरेचसे गीच्या, म्हणजे जाड कापडी पोशाखाच्या, कॉलरवर आहेत. तुम्ही फक्त नो-गी (गी न घालता) करत असाल तर काशिवाझाकीचं पुस्तक निम्मं वाया जाईल, अ‍ॅडम्सचं मात्र बरंचसं कामी येईल. सेकंडहँड मिळालं तर सोडू नका. नावं तेवढी जुळवून घ्या, हदाका जिमे म्हणजे रिअर नेकेड चोक, सानकाकू म्हणजे ट्रँगल, आणि उदे गारामीत किमुरा आणि अमेरिकाना हे दुमडलेला हात पिळायचे दोन्ही लॉक येतात.

रेन्झो ग्रेसी आणि डॅनहरचं मास्टरिंग जुजित्सू (२००३) लढतीमागचा विचार समजून घ्यायला आहे, पोझिशन आधी का, टप्पे कुठले. वाचायला उत्तम, पण लॉक शिकायला म्हणून घेऊ नका.

पायाच्या लॉकबद्दल जरा कडक बोलतो. हील हुक पुस्तकातून शिकू नका, व्हिडिओतूनही एकट्याने नको. आर्मबारमध्ये दुखायला लागतं आणि माणूस टॅप करतो, हील हुकमध्ये टाच पिळली जाते पण भार गुडघ्याच्या लिगामेंटवर येतो, आणि दुखेपर्यंत बऱ्याचदा ते फाटलेलं असतं. आयबीजेजेएफने (ब्राझिलियन जिउ-जित्सूची आंतरराष्ट्रीय संघटना) २०२१ पासून नो-गीमध्ये ब्राउन आणि ब्लॅक बेल्टच्या प्रौढांना हील हुकची परवानगी दिली, गीमध्ये ते अजूनही बंद आहे, यावरून काय ते समजा. व्हाइट बेल्टने सरळ अँकल लॉक (घोट्याचा लॉक) करावा, तोही कोचसमोर. चोकचंही गंभीरपणे घ्या, मानेतल्या दोन्ही बाजूच्या रक्तवाहिन्या नीट दाबल्या गेल्या तर दहा सेकंदांच्या आसपास माणूस बेशुद्ध होतो, त्यामुळे घरात लहान भावावर करून बघायची ही गोष्ट नाही.

तालमीतून येणाऱ्यांसाठी उत्तर जरा वेगळं आहे. कोल्हापूर-सांगलीकडचे पैलवान ग्रॅपलिंगला आले की टेकडाउनला, म्हणजे खाली पाडायला, त्यांच्यापुढे कोणी टिकत नाही, पकड लोखंडी, दम जबरदस्त. पण चीतपट होऊ नये म्हणून वर्षानुवर्षं अंगात भिनलंय की पाठ टेकवायची नाही, पोटावर वळायचं, आणि इथे पोटावर वळलं की समोरचा पाठीवर चढून रिअर नेकेड चोक लावतो. त्यांनी आधी साउलोचं पुस्तक घ्यावं, पाठीवर पडून सुरक्षित राहणं म्हणजे काय हे त्यांना नव्याने शिकायचंय. वरून खेळायची सवय आधीच आहे, त्यामुळे पुढचं पुस्तक अ‍ॅडम्सचं, खाली गोळा झालेल्याचा हात काढणं त्यांना बाकीच्यांपेक्षा लवकर जमेल.

पैशांचं म्हणाल तर परदेशी छापील पुस्तक महागच पडतं आणि व्हिडिओचे कोर्स डॉलरमध्ये असतात, पण त्यांना वरचेवर सेल लागतो, पूर्ण किमतीला घेऊ नका. दोघा-तिघांनी मिळून एक पुस्तक घेतलं तर उत्तम, कारण सरावाला जोडीदार लागणारच आहे. महिनाभर एकच लॉक धरा, क्लासनंतर दहा मिनिटं पुस्तक उघडून दोघांनी फोटोशी ताडून बघा, पुढच्या रोलिंगमध्ये (सरावाच्या लढतीत) तोच लावायचा प्रयत्न करा, आणि जिथे समोरचा निसटतोय तेवढ्याच जागेसाठी व्हिडिओ शोधा किंवा कोचला विचारा. असे दोन-तीन लॉक हाताला बसले आणि तरी पुस्तक पुरत नाहीसं वाटलं, की मग कोर्स घ्या, तोही तुमच्या त्याच लॉकवरचा.