वणावरची सिलिकॉन शीट: पैसे वसूल, पण धीर हवा

लेकीच्या कॉलरबोनचं ऑपरेशन झालं. टाके निघाले, जखम पूर्ण मिटली आणि मग डॉक्टरांनी सिलिकॉन जेल शीट लावायला सांगितली. फोंड्यात वरच्या बाजारातल्या फार्मसीत मिळाली. तळहाताएवढ्या तुकड्याला हजाराच्या वर पैसे पडले, तेव्हा छातीत धस्स झालं. आता कात्रीने वणाच्या मापाची पट्टी कापून वापरतो, त्यामुळे एक शीट बरीच पुरते.

मी उच्च माध्यमिकला जीवशास्त्र शिकवते, म्हणून पाकिटावर जे छापायला हवं होतं आणि छापलेलं नाही, ते इथे सांगते. या शीटमधून कुठलंही औषध कातडीत जात नाही. ती बदलते ते पेशींच्या आजूबाजूचं वातावरण. नव्या वणावरची कातडी पाणी धरून ठेवू शकत नाही. वरच्या पेशी कोरड्या पडल्या की खालच्या फायब्रोब्लास्टना, म्हणजे कातडीतले तंतू बनवणाऱ्या पेशींना, रासायनिक इशारे जातात आणि त्या कोलॅजन (तंतूंचं प्रथिन) विणत सुटतात. शीट ओलावा अडवते, तसे इशारे मंदावतात.

दुसरी गोष्ट ताणाची, आणि मला तीच जास्त महत्त्वाची वाटते. फायब्रोब्लास्ट भोवतीच्या तंतूंना धरून सतत ओढून पाहते. समोरून कडक प्रतिकार मिळाला की तिचं रूप पालटतं. ती मायोफायब्रोब्लास्ट होते आणि आणखी जोरात ओढते. त्या तंतूंत टीजीएफ-बीटा हे प्रथिन बांधून ठेवलेलं असतं. ओढीने ते सुटतं आणि पेशींना पुन्हा कोलॅजन करायला लावतं. ताणाने वण कडक होतो, कडकपणाने ताण वाढतो. खांदा आणि छातीवरचे वण म्हणूनच जास्त फुगतात. तिथली कातडी हात हलला की ओढली जाते.

म्हणून नुसती शीट लावून भागत नाही. लेकीच्या दप्तराचा पट्टा नेमका वणावर यायचा, तो आधी दुसऱ्या खांद्यावर घ्यायला लावला.

आपल्या हवेत मात्र हिची परीक्षा होते. मे महिन्यात खाली घाम साचून पुरळ आलं. रोज सौम्य साबणाने शीट आणि कातडी दोन्ही धुवायची, पूर्ण कोरडी झाली की मगच लावायची. कापसाचा धागा चिकटला की कड उचलली जाते. दिवसाला निदान बारा तास आणि दोन-तीन महिने तरी लावावी लागते. बरेच जण पंधरा दिवसांत सोडतात, याचं मला वाईट वाटतं, कारण वण पक्का व्हायला वर्षभरही लागतं.

पुराव्याबद्दल सरळ सांगते: वैद्यकीय संशोधन तपासणाऱ्या कॉक्रेन या संस्थेच्या 2013 च्या आढाव्यात यावरचे अभ्यास कमकुवत दर्जाचे ठरले होते. तरी लेकीचा वण सपाट आणि मऊ झालाय, खाज थांबलीय. मी पुन्हा घेईन. परवडत नसेल तर डॉक्टरांना विचारून कागदी चिकटपट्टी वणावर लावा, तीही ताण कमी करते. आणि वण मूळ जखमेच्या बाहेर पसरत असेल तर शीटवर विसंबू नका, त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा.