महेश्वरची गाइडसोबतची फेरी: गाइडला दोन तारे, वाड्याला पाच

मी लेखापरीक्षणात नोकरी केलेली बाई. कुठलंही देऊळ पाहिलं की आधी मनात येतं, पैसा कुठल्या खात्यातून गेला? म्हणून अहिल्याबाईंचं महेश्वर नीट समजून घ्यायचं ठरवलं आणि एका यात्रा कंपनीची गाइडसोबतची फेरी घेतली. कंपनीचं नाव लिहीत नाही.

गाइड वेळेवर आला, बोलायला गोड होता, ज्येष्ठांना घाटाच्या पायऱ्यांवर हात देत होता. दोन तारे त्याचेच. पण त्याची निम्मी फेरी एकाच गोष्टीत गेली: अहिल्याबाईंचा मुलगा मालेराव, त्याच्या रथाखाली वासरू आलं आणि आईनं पोटच्या पोराला रथाखाली घालायचा हुकूम सोडला. मंडळींनी डोळे पुसले. अहो, मालेराव १७६७ मध्ये आजारपणात गेले! हे म्हटल्यावर गाइड म्हणाला, "मॅडम, लोकांना हेच आवडतं." आवडत असेल. पण अशा कथेनं बाईंचा मोठेपणा वाढत नाही, उलट त्यांचं खरं काम झाकलं जातं.

खरं काम हिशोबात दिसतं. होळकरांकडे दौलतीचा, म्हणजे राज्याचा पैसा वेगळा आणि खासगीचा, म्हणजे घरच्या बायकांच्या हातातला वेगळा. खासगीची जहागीर पेशव्यांनी १७३४ मध्ये मल्हाररावांच्या पत्नी, म्हणजे बाईंच्या सासूबाई गौतमाबाईंना लावून दिली होती. बाईंचा दानधर्म चालला तो या खासगीतून. काशी विश्वेश्वर १७८०, गयेचं विष्णुपद १७८७. यातलं एकही गाव होळकरांच्या मुलखात नव्हतं. तिथून ना सारा येणार, ना फौजेला माणूस मिळणार. तरी देवळांबरोबर ठिकठिकाणी घाट, विहिरी, धर्मशाळा झाल्या. रयतेनं कुठला देव पुजावा हे न सांगता, जो तीर्थाला निघालाय तो तहानेनं किंवा लुटारूंच्या हातून मरू नये एवढं पाहणं, ही माझ्या लेखी राज्यकर्त्याची धार्मिकता. भिल्लांच्या बाबतीतही तेच. आधी बंदोबस्त करून पाहिला, मग वाटसरूंकडून 'भीलकवडी' नावाचा कर घ्यायचा त्यांचा हक्क मान्य केला आणि रस्त्याची राखण त्यांच्याच गळ्यात घातली. गाइडच्या तोंडून यातलं अवाक्षर नाही.

वाडा मात्र चुकवू नका. राजवाडा म्हणून कल्पना करून जाल तर फसाल. लाकडी खांब, ओसरी, पांढरी बैठक. आपल्याकडच्या एखाद्या बऱ्यापैकी देशमुखी वाड्यासारखा. हुकूम निघायचे ते 'श्री शंकर' या नावानं. मालकी देवाची, आपण फक्त कारभारी, हा भाव त्या बैठकीसमोर उभं राहिलं की पटतो.

सकाळचं लिंगार्चन बघायला मिळालं ते गाइड चहाला गेला म्हणून. पुरोहित मांडी घालून ओल्या काळ्या मातीची बोटाच्या पेराएवढी शिवलिंगं करत होते, पाटावर ओळीनं मांडत होते आणि प्रत्येकावर तांदळाचा एकेक दाणा. बोटं इतकी सवयीची की नजर पाटावर नसली तरी ओळ वाकडी होत नव्हती. पूजा झाली की सगळी नर्मदेत. बाईंच्या काळापासून चालत आलेला हा नेम आहे.

शेवटी आम्हाला साड्यांच्या दुकानात नेऊन बसवलं, तेही बराच वेळ. महेश्वरी साडीबद्दल तक्रार नाही, विणकरांना इथे वसवलं तेही बाईंनीच. पण तेवढा वेळ घाटावर मिळाला असता तर बरं झालं असतं.

जाणार असाल तर गाइड न घेता जा, सकाळी लवकर वाड्यात पोचा, घाट उन्हं कलल्यावर करा. आणि रथाची गोष्ट कुणी सांगायला लागलं तर त्याला खासगीबद्दल विचारा.